दुसऱ्यांदा जाताना

परदेशी शिष्यवृत्तीला निवड झाली की बुलढाणा जिल्ह्यात पेपरात फोटो येतो, गावात सत्कार होतो, आईवडिलांच्या गळ्यात हार पडतात. शिकून परत आल्यावर पुढे काय, याची चौकशी मात्र फारशी कुणी करत नाही. लंडन, बर्लिन किंवा ॲम्स्टरडॅमला वर्ष-दोन वर्षं काढून आलेल्यांपैकी काहींच्या मनातून ते शहर जात नाही. पुन्हा तिथे जावं, पण आता विद्यार्थी म्हणून नको. नोकरी करावी, स्वतःचं भाडं स्वतः भरावं, कुणाच्या शिष्यवृत्तीवर किंवा बापाच्या कर्जावर अवलंबून राहू नये, असं त्यांना वाटतं. घरचे विचारतात, "शिकून झालं ना, मग आता कायले जातं पुन्हा?"

हा प्रश्न भावनेच्या भरात विचारला जातो आणि उत्तरही भावनेच्या भरातच दिलं जातं. प्रत्यक्षात परवाना, पैसा आणि घर या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. शहर ओळखीचं असल्याचा फायदा होतो, पण तो नेमका कुठे आणि किती, हे मोजता येतं. त्या फायद्याचा बराच भाग शहर सोडल्यानंतर ठरावीक दिवसांत संपतो, आणि ही मुदत माहीत नसल्यामुळेच पुढची बरीचशी निराशा वाट्याला येते.

शंभर वर्षांपूर्वीचा दाखला

शिकलेल्या शहरात स्वतःच्या बळावर परत जाण्याचं मराठी माणसाला सर्वांत जवळचं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आहे. १९१६ मध्ये ते न्यूयॉर्कहून लंडनला आले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व बॅरिस्टरीसाठीचं ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव दाखल केलं. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावं लागलं. निघण्याआधी मात्र त्यांनी एक काम करून ठेवलं होतं. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची विद्यापीठाची परवानगी त्यांनी मिळवली होती.

नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत मिळाली, आणि १९२० मध्ये, म्हणजे परवानगीच्या मुदतीत, ते पुन्हा लंडनला पोहोचले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. अशी त्या दुसऱ्या फेरीची कमाई आहे. १९२१-२२ मध्ये ते ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचं १० क्रमांकाचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेऊन तिथे स्मारक केलं.

बाबासाहेब तिथे कायमचे राहायला गेले नव्हते, त्यांना अपुरं काम पुरं करायचं होतं. तरी त्यांच्या या दुसऱ्या प्रवासात आजच्या मुलांनी पाहण्यासारखं बरंच आहे. परतण्याची परवानगी शहर सोडण्याआधी मिळवलेली, तिला मुदत घातलेली, मधल्या काळात पैशाची तजवीज केलेली आणि जाण्याचा हेतू एका वाक्यात सांगता येईल इतका स्पष्ट. तेव्हा अडचण होती ती पैशाची. भारतीयांना ब्रिटनमध्ये शिरायला आजच्यासारखा परवाना लागत नव्हता; ती बंधनं १९६२ च्या कॉमनवेल्थ इमिग्रंट्स ॲक्टपासून सुरू झाली. आजच्या मुलाला पैसा आणि परवाना दोन्ही लागतात, आणि अनेकदा परवानाच जास्त अवघड जातो.

परत येण्याची अट

लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारे गावचे राजू केंद्रे चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआस विद्यापीठात शिकले. 'एकलव्य' या त्यांच्या संस्थेमार्फत घरातून पहिल्यांदाच उच्च शिक्षणाकडे वळलेल्या मुलांना मोठ्या विद्यापीठांची वाट दाखवली जाते. त्यामुळे चेव्हनिंग हे नाव या जिल्ह्याला परकं राहिलेलं नाही. ब्रिटिश सरकारच्या या शिष्यवृत्तीची एक अट अशी आहे की, शिक्षण संपल्यावर विद्यार्थ्याने किमान दोन वर्षं मायदेशी राहायचं. अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांनाही जे-१ व्हिसामुळे दोन वर्षांचं असंच बंधन असतं. ती वर्षं मायदेशी काढल्याशिवाय किंवा खास सूट मिळवल्याशिवाय एच-१बी या कामाच्या व्हिसाचा किंवा ग्रीन कार्डचा रस्ता खुला होत नाही.

या अटीमागचा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. शिकलेलं डोकं मूळ देशाच्या उपयोगी पडावं, हा तो विचार आहे. पण विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिलं तर या दोन वर्षांत इतर दारांच्या मुदती निघून जातात. अशा शिष्यवृत्तीवर गेलेल्याने पुन्हा जायचा बेत आखताना विद्यार्थीपणाला लागून मिळणारी सवलत गृहीतच धरू नये. त्याला जावं लागतं ते नव्या उमेदवारासारखंच. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती असो की केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप, सही केलेलं करारपत्र जपून ठेवावं आणि पुन्हा जाण्याआधी त्यातल्या अटी वकिलाच्या नजरेने वाचाव्यात.

कुठलं दार कधी बंद होतं

आता देशांचे नियम. ते वारंवार बदलतात, पण त्यांची ठेवण ओळखता येते. काही देश 'जाऊ नका, इथूनच अर्ज करा' म्हणतात. काही देश परत आलेल्यालाही ठरावीक वर्षं सवलत देतात.

ब्रिटन पहिल्या गटातलं. शिक्षणानंतर काम करण्याची जुनी सोय तिथे २०१२ मध्ये बंद झाली आणि २०२१ मध्ये 'ग्रॅज्युएट रूट' म्हणून परत आली. दोन वर्षांच्या या परवान्यासाठी अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच आणि विद्यार्थी व्हिसा जिवंत असतानाच करावा लागतो. पदवी घेऊन शेगावला आल्यावर 'आता अर्ज करतो' म्हणणाऱ्याला ती वाट उरत नाही. १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांसाठी ही मुदत दोन वर्षांऐवजी १८ महिने होणार आहे, पीएच.डी. झालेल्यांना तीन वर्षं कायम आहेत.

परत आलेल्यासाठी ब्रिटनच्या दोन वाटा राहतात. पहिली 'स्किल्ड वर्कर' व्हिसाची. त्यासाठी परवानाधारक मालकाची नोकरी हातात हवी आणि जुलै २०२५ पासून सर्वसाधारण पगाराची किमान मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे. तरुण उमेदवारांना काही सूट मिळते. दुसरी वाट फारशी कुणाला माहीत नसते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली 'इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम' १८ ते ३० वयाच्या पदवीधर भारतीयांना दोन वर्षं ब्रिटनमध्ये राहून काम करू देते. वर्षाला ३,००० जागा असतात, निवड सोडतीने होते, सोडतीत नाव घालायला पैसे लागत नाहीत, आणि निवड झाल्यावर २,५३० पौंडांची बचत दाखवावी लागते. नोकरी आधी हातात असण्याची अट नाही. ज्याला शहर पुन्हा अजमावून पाहायचं आहे, त्याच्यासाठी ब्रिटनमधली सर्वांत मोकळी वाट हीच. तिच्यात नशिबाचा भाग मोठा आहे, हे मात्र धरून चालावं.

जर्मनी याबाबत उदार आहे. जर्मन विद्यापीठाची पदवी घेतलेल्याला तिथेच राहून नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. ही संधी सोडून परत आलेल्यासाठी १ जून २०२४ पासून 'चान्सेनकार्टे' म्हणजे संधीपत्र सुरू झालं. ते भारतातून मागता येतं, एक वर्षापर्यंत नोकरी शोधता येते आणि आठवड्याला २० तास कामही करता येतं. इतरांना यासाठी किमान सहा गुण जमवावे लागतात. जर्मन पदवी असणाऱ्याला गुणांचा हिशेब करावाच लागत नाही. गुणांच्या तक्त्यातही ओळखीला किंमत आहे. गेल्या पाच वर्षांत शिक्षण किंवा कामासाठी सलग सहा महिने जर्मनीत राहिलेल्याला एक गुण मिळतो. मात्र खर्चासाठी २०२५ मध्ये महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३ हजारांहून अधिक युरो दाखवावे लागत होते, आणि भाषेचा प्रश्न वेगळाच. इंग्रजी माध्यमातून एम.एस. करताना जर्मन न शिकलेल्याला दुसऱ्या फेरीत ती उधारी फेडावी लागते.

नेदरलँड्सचा नियम परत आलेल्यांसाठी सर्वांत सोयीचा आहे. पदवीनंतर तीन वर्षांच्या आत कधीही एका वर्षाचा 'झुकयार', म्हणजे नोकरी शोधण्याचं वर्ष, मागता येतं. त्या वर्षात कुठलंही काम करता येतं आणि पुढे कुशल कामगाराचा परवाना घेताना पगाराची अट सौम्य होते. आईच्या आजारपणासाठी किंवा बहिणीच्या लग्नासाठी घरी आलेल्याला इथे दार उघडं मिळतं.

कॅनडात शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यासाठी पदवी पूर्ण झाल्याच्या पत्रापासून १८० दिवसांत अर्ज करावा लागतो. अमेरिकेत ओपीटी ही कामाची सवलत अभ्यासक्रमालाच बांधलेली असते. एकदा परत आल्यावर ती मागता येत नाही. पुढे एच-१बी, वर्षाला ८५,००० जागांची. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेर असलेल्यांसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लागू झालं, त्यामुळे बुलढाण्यात बसलेल्या उमेदवारावर एखादी अमेरिकन कंपनी हा खर्च करील, ही आशा फार थोड्यांना ठेवता येईल.

वैद्यकीय शिक्षणाची गोष्ट वेगळी. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून 'ऑपरेशन गंगा'तून सुटून आलेल्या भारतीय विद्यार्थ्यांपैकी काही जण पदवी पुरी करायला युद्ध चालू असतानाच परत गेले. त्यांचं परतणं निवडीतून आलेलं नव्हतं. दुसरे मार्ग फार थोडे होते. स्वतंत्र आयुष्याच्या चर्चेत ते मोजू नये.

विद्यार्थ्याचं शहर आणि भाडेकरूचं शहर

समजा, परवाना मिळाला. ओळखीचं शहर आता कसं दिसतं?

विद्यार्थी असताना शहराचा फार छोटा तुकडा आपल्या वाट्याला येतो. वसतिगृह, ग्रंथालय, स्वस्त किराणा, ठरलेली बस. लंडनच्या मध्यवस्तीत शिकलेल्याला नोकरदार म्हणून हाउन्स्लो किंवा हॅरोला खोली घ्यावी लागते आणि रोज जाऊन-येऊन दोन-अडीच तास गाडीत जातात. नाव तेच, नकाशा बदललेला.

सवलतीही जातात. ब्रिटनमध्ये पूर्णवेळ विद्यार्थ्याला काउन्सिल टॅक्स माफ असतो. नोकरदाराला तो भरावा लागतो. जर्मनीत विद्यापीठाचं वसतिगृह, प्रवासाचं सत्र-तिकीट आणि ३० वर्षांपर्यंतचा स्वस्त विद्यार्थी आरोग्यविमा हे तिन्ही एकदम सुटतात. त्यावर घरटी महिन्याला १८.३६ युरोचा प्रसारण कर असतो.

घर मिळवणं हा या सगळ्यातला खरा कस. इंग्लंडमध्ये भाडेकरूला देशात राहण्याचा हक्क आहे का, हे घरमालकाने तपासण्याचं बंधन आहे. अनामत बहुतेक घरांसाठी पाच आठवड्यांच्या भाड्यापर्यंतच घेता येते. पण स्थानिक जामीनदार नसला की मालक सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागत. नव्या 'रेंटर्स राइट्स ॲक्ट'ने १ मे २०२६ पासून एका महिन्याहून जास्त आगाऊ भाड्याला मनाई केली आहे. आगाऊ रक्कम हा परक्या देशातून येणाऱ्याचा हुकमी पत्ता होता. तो गेल्यावर जामीनदाराचं महत्त्व वाढणार, हे उघड आहे. जर्मनीत अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असते, मालक 'शूफा' ही पतनोंद मागतो आणि घर घेतल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत नोंदणी करायची असते. त्या नोंदणीशिवाय पुढचे बरेच कागद अडतात.

मग ओळखीचा उपयोग कुठे? काही गोष्टी खरोखर टिकतात. ब्रिटनचा नॅशनल इन्शुरन्स क्रमांक आणि जर्मनीचा करओळख क्रमांक आयुष्यभरासाठी असतात, पुन्हा घ्यावे लागत नाहीत. ब्रिटिश पदवी असली की पुढच्या व्हिसासाठी इंग्रजीची परीक्षा वेगळी द्यावी लागत नाही. तिथल्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र, अर्धवेळ नोकरीतल्या मालकाचा एक फोन, जामीन राहायला तयार असलेला मित्र, या गोष्टी नव्याने येणाऱ्याकडे नसतात. त्या कमावून ठेवल्या असतील तर दुसरी फेरी पहिलीपेक्षा बरीच सोपी जाते.

टिकत नाही ती माणसांची वर्तुळं. एका वर्गातली मुलं पदवीनंतर दहा देशांत पांगतात. ज्या स्वयंपाकघरात आठ जण मिळून भाजी करत, तिथे आता अनोळखी आठ जण राहतात. एकटेपणाची ही बाजू परत जाणाऱ्यांना सर्वांत अनपेक्षित वाटते, कारण एकटं वाटायला आपण नवखे नाही, असा त्यांचा समज असतो. १९३२ पासून चालू असलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्था विद्यार्थिदशेत केवळ गणपतीच्या प्रसादापुरत्या आठवतात. नोकरदाराला त्यांची गरज जास्त असते.

इकडचा हिशेब

तिकडच्या घरभाड्याइतकाच इकडच्या सातबाराचा विचार करायला हवा.

कर्जापासून सुरुवात. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रम अधिक एक वर्ष एवढी सवलतीची मुदत असते आणि मग हप्ते सुरू होतात. परत येऊन घरी बसलेल्या काळातच ही मुदत संपते, म्हणून दुसरी फेरी बहुधा हप्ता डोक्यावर घेऊनच सुरू होते. पुन्हा नवं कर्ज काढायचं, तर बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात तारणाची अडचण येते. घरात दहा एकर असली तरी कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली असल्याने बँका मोठ्या शैक्षणिक कर्जासाठी ती तारण घ्यायला नाखूष असतात. खामगावातला किंवा चिखलीतला प्लॉट मात्र चालतो. २०२४ ची पीएम-विद्यालक्ष्मी योजना भारतातल्या संस्थांपुरती आहे. म्हणून दुसऱ्यांदा जाण्याचा पैसा पगारातून साठवणं हाच बहुतेकांचा मार्ग, आणि त्यासाठी पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात वर्ष-दोन वर्षं नोकरी करणं कमीपणाचं नाही. ज्या पगारातून प्रवासखर्च आणि सहा महिन्यांचं भाडं बाजूला निघतं, तो पगार दुसऱ्या फेरीचा पाया असतो.

मग जमीन. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र ठेवता येते. 'तिकडे कमावून गावात चार एकर घेईन' असा बेत असणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं. वारस नोंद राहिली असेल तर ती जाण्याआधी करून घ्यावी, शेताचे व्यवहार पाहणाऱ्याच्या नावे नीट मुखत्यारपत्र करावं. सोयाबीन आणि कपाशीच्या शेतीत एका पावसाने वर्षाचं गणित उलटतं, आणि अशा वर्षी घरी पैसे पाठवावे लागतात. महिन्याच्या खर्चाचा तक्ता मांडताना ही रक्कमही त्यात धरायला हवी.

माणसांचा प्रश्न शेवटी येतो, पण तो लहान नाही. या जिल्ह्यातली मुलं टप्प्याटप्प्याने घर सोडतात: गावातून तालुक्याला, तिथून पुण्याला किंवा संभाजीनगरला, तिथून परदेशी. बुलढाणा शहराला अजून रेल्वे नाही. रेल्वेने मुंबईला निघायचं तरी आधी मलकापूर गाठावं लागतं. आईवडिलांना अंतराची सवय असते. पहिल्या जाण्याला 'शिक्षण' हे सर्वांना पटणारं कारण होतं. दुसऱ्या जाण्याला तसं कारण घरच्यांना दिसत नाही, म्हणून ते त्यांना जास्त लागतं. मुलीच्या बाबतीत तर लग्नाचा विषय लगेच निघतो, आणि 'मला तिथे एकटीने राहायचंय' हे वाक्य घरात बंडासारखं ऐकू येतं. यावर वाद घालून फारसं काही साधत नाही. किती वर्षांसाठी, कुठल्या कामासाठी, हप्ता कोण भरणार आणि काय झालं तर परत येणार, हे कागदावर मांडलं तर बहुतेक घरांत बोलणं पुढे सरकतं.

मग जावं का?

आठवण येते म्हणून जाऊ नये. आठवण अनेकदा शहराची नसून तेविसाव्या वर्षाची असते, आणि ते कुठल्याच व्हिसावर परत मिळत नाही. ज्या कामाचा बाजार खरोखर त्या शहरात आहे, ज्याच्याकडे किमान वर्षभराचा परवाना आणि सहा महिन्यांचा खर्च स्वतःचा आहे, शैक्षणिक कर्जाचा हप्ता पहिल्या पगारावर अवलंबून नाही, आणि नोकरी न मिळाल्यास कधी परतायचं ती तारीख ठरलेली आहे, त्याने खुशाल जावं. यातलं एकही नसताना पर्यटक व्हिसावर जाऊन 'तिथे गेल्यावर पाहू' म्हणणं धोक्याचं आहे. नियम मोडल्याची एक नोंद पुढची कित्येक वर्षं आडवी येते.

एक सूचना जिल्ह्यातल्या मार्गदर्शन करणाऱ्यांसाठी. अर्ज, निबंध, मुलाखत, व्हिसा इथपर्यंत शिकवून आपली शिबिरं थांबतात. त्यात शेवटच्या सत्राचा एक तास वाढवायला हवा: परतण्याची अट कुठल्या शिष्यवृत्तीला आहे, ब्रिटनचा अर्ज तिथे असतानाच का करावा लागतो, कॅनडाचे १८० दिवस कधी मोजायला लागतात, नेदरलँड्सची तीन वर्षं कुणाला लागू पडतात. कॉलेज निवडायला घरं जेवढा वेळ देतात, त्याच्या निम्मा वेळ या मुदतींना दिला, तर पुन्हा जायचं की नाही हे मुलंमुली विचार करून ठरवतील. आज अनेकांच्या बाबतीत तो निर्णय तारीख उलटून गेल्यामुळे आपोआप होऊन जातो.